रूबेन गॅरडचे पाच हजार चाळीस

रूबेन गॅरडने आयुष्यात दोन गोष्टी कधी वाकड्या होऊ दिल्या नाहीत. एक भिंत आणि दुसरी मोजणी. वेदरशॅममधल्या निम्म्या घरांची एखादी भिंत, एखादं धुराडं, नाहीतर निदान डुकरांच्या गोठ्याचा एखादा कोपरा त्याच्या हातचा आहे, आणि आजही ओळंबा लावून बघा, दोरा विटेला केसभर सोडत नाही. मोजणीची गोष्ट थोडी लांबलचक आहे. ती सांगायची तर आधी 'नांगर' पबच्या अंगणात यावं लागेल.

हे अंगण रूबेनने चौकोनी लाल फरशीचं केलं, तेव्हा तो साठीला टेकला होता. पबचा मालक होसी पेटिट तोंडाचा फाटका माणूस. त्याने विचारलं, "रूब, एका बाजूला किती फरश्या बसतील?"

"एकाहत्तर."

"एकाहत्तर कशाला? सत्तर घाल. सुटसुटीत."

"सत्तर घातल्या तर मधोमध फरशी येत नाही. मग पाण्याचा पंप कुठे बसवू, तुझ्या डोक्यावर?"

होसी गप्प बसला, आणि ते काही रोज घडत नाही. एकाहत्तर रांगा, प्रत्येकीत एकाहत्तर फरश्या, आणि बरोबर मधली एक काढून तिथे पंप. खरं कारण कळायला होसीला पुढे दहा वर्षं लागली. एकाहत्तर गुणिले एकाहत्तर म्हणजे पाच हजार एक्केचाळीस. त्यातली पंपाची एक वजा केली की राहतात पाच हजार चाळीस. लोक त्या अंगणात बिअर सांडत होते, कोंबड्या विष्ठा करत होत्या, आणि ज्या आकड्यासाठी रूबेनचा जीव तुटत होता तो आकडा त्यांच्या पायाखाली पसरलेला होता. कुणाला पत्ता नाही. रूबेन मात्र कोपऱ्यातल्या बाकावर आपला पेला घेऊन बसायचा आणि मिशीत हसायचा.

पाच हजार चाळीसच का, तर आमच्या चर्चच्या मनोऱ्यात आठ घंटा आहेत म्हणून. त्यातली आठवी, सगळ्यांत मोठी, नेहमी शेवटी वाजते. ती हलायची नाही. पण बाकीच्या सात घंटा कोणत्या क्रमाने वाजवायच्या ते बदलता येतं. सात घंटा एकेकदा वाजल्या आणि मागून मोठीचा ठोका पडला की झाली एक ओळ. पुढच्या ओळीत क्रम वेगळा, त्याच्या पुढच्या ओळीत आणखी वेगळा. पहिल्या जागी सातातली कुठलीही येईल, दुसऱ्या जागी उरलेल्या सहातली, मग पाचातली, असं करत शेवटपर्यंत गेलं की सात गुणिले सहा गुणिले पाच गुणिले चार गुणिले तीन गुणिले दोन. पाच हजार चाळीस. सात घंटांचे जितके म्हणून क्रम देवाने निर्माण केले तितके सगळे, त्याच्या पलीकडे एकही नाही. हे सगळे क्रम एका दमात वाजवायचे, एकही दोनदा नाही, एकही वगळायचा नाही. याला आमच्याकडे 'पील' म्हणतात. तीन तास लागतात. तीन तास कुणी दोर सोडायचा नाही, पाणी प्यायचं नाही, नाक पुसायचं नाही. समोर कागद ठेवायला मनाई. मधूनमधून वळणं घ्यावी लागतात, ती एक जण तोंडाने पुकारतो. तो "बॉब!" म्हणून ओरडला की घंटांनी आपली वाट बदलायची. कुठे ओरडायचं हे सगळं त्याच्या डोक्यात. आमच्या मनोऱ्यात तो माणूस म्हणजे रूबेन.

शाळेत तो नऊ वर्षांचा होईपर्यंतच गेला. पण हा एक आकडा त्याने विटेसारखा हातात घेऊन सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला होता. एकपासून दहापर्यंत कुठल्याही आकड्याने भागा, बाकी उरत नाही. अकरा मात्र त्याच्या घरात शिरत नाही, दोन बाकी ठेवून बाहेरच बसतो. खालून चढत सातापर्यंत गुणा नाहीतर सात, आठ, नऊ, दहा एवढेच चार गुणा, उत्तर तेच. हे त्याला एका भिंतीवर काम करताना कळलं, आणि त्या दिवशी त्याने उरलेलं काम तसंच टाकून घर गाठलं, बायकोला सांगायला. त्या आकड्यातून एक काढला तर जो उरतो त्याला कुणीच भागू शकत नाही. एक वाढवला तर अख्खं चौकोनी अंगण तयार होतं. आणि त्याला नि:शेष भाग जाणारे आकडे मोजले तर बरोबर साठ.

"साठ!" तो म्हणाला होता. "आणि आपल्या वादनाच्या फेऱ्या किती? त्याही साठ! चौऱ्याऐंशी ओळींची एक फेरी, अशा साठ. केझी, हे आपोआप झालंय असं वाटतं तुला?"

केझाया गॅरड तेव्हा बटाटे सोलत होती. ती म्हणाली, "माझा वाढदिवस कधी असतो?"

रूबेनला सांगता आला नाही.

केझाया त्याची थट्टा करायची, पण तिच्यावाचून त्याचं पान हलत नसे. त्याच्या सगळ्या आकडेमोडीला कागद तीच पुरवायची. गावात कुणाच्या घरी भिंतीला नवा कागद चिकटवला की उरलेले तुकडे ती मागून आणायची. एका बाजूला गुलाब नाहीतर पोपट, आणि दुसऱ्या बाजूला रूबेनचे आकडे. स्वतः मात्र तिने कधी एक ओळ मोजली नाही. "घंटा वाजतात आणि थांबतात," ती म्हणायची. "मधलं तुझं तू बघ."

एकतीस वर्षं रूबेन पीलच्या मागे होता. एकदा दोर तुटला. एकदा होसीला शिंक आली. एकदा तर शेवटाला दहा मिनिटं उरली असताना मनोऱ्याच्या जिन्यात कुणाची तरी बकरी चढून आली आणि पाचव्या घंटेवरचा एफ्राइम हसायला लागला. दर वेळी रूबेन कोट चढवायचा आणि एवढंच म्हणायचा, "पुन्हा." गावातल्या पोरी दोर धरत नसत, त्या रिवाजालाही त्यानेच सुरुंग लावला. शाळेतली नवी शिक्षिका थर्झा कॅचपोल एका गुरुवारी, तालमीच्या दिवशी, मनोऱ्याच्या दाराशी येऊन उभी राहिली. बाकीच्यांनी तोंडं वेडीवाकडी केली. रूबेनने तिला एकच प्रश्न विचारला, "सात, आठ, नऊ, दहा यांचा गुणाकार किती?" तिने तोंडी सांगितला. रूबेन म्हणाला, "ही घ्या, पहिली घंटा तुमची."

आणि मग १९३४ सालच्या एका सणाच्या सोमवारी ते झालं. पहिल्या घंटेवर थर्झा, सातवीवर रूबेन पुकारणारा, आठवीवर होसी. तीन तास आणि दोन मिनिटं. शेवटची ओळ वाजून घंटा पुन्हा एक, दोन, तीन अशा सरळ क्रमात आल्या तेव्हा होसी, ज्याच्या डोळ्यांत कुणी कधी पाणी पाहिलं नव्हतं, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. एफ्राइमने रूबेनला उचललं. खाली अख्खं गाव जमलं होतं.

रूबेनही हसला, पण मनात तो एका 'बॉब'पाशी अडकला होता.

दीड तास उलटून गेल्यावर, छत्तिसावी फेरी संपत आली असताना, त्याला एकाएकी मनासमोर पाटी दिसली होती. ओक लाकडाची, सोनेरी अक्षरांची, पील झाला की मनोऱ्यात भिंतीवर लावतात तशी. तिच्यावर आपलं नाव. क्षणभरच. त्या क्षणात तो "बॉब" म्हणाला, आणि म्हणताच त्याला वाटलं, अरे, हे एक जागा आधी झालं की काय? पुढच्या फेरीत पाचवी घंटा जिथे हवी तिथे सहावी दिसली. फेरीच्या शेवटी त्याने आणखी एक "बॉब" घालून सगळं वळणावर आणलं. घंटा सरळ आल्या, ओळींची संख्या बरोबर भरली. पण घंटा सरळ आल्या म्हणजे पील खरा झाला असं नसतं, हे रूबेननेच गावाला शिकवलं होतं. आकडा पाच हजार चाळीस आहे, त्यात ढिलाई नाही. एक ओळ दोनदा आली असेल तर दुसरी कुठली तरी राहिलीच असणार.

ती आकडेमोड एका संध्याकाळचं काम होतं. रूबेनने ती केली नाही. कागदाची गुंडाळी सुतळीने बांधून पलंगाखाली सरकवली आणि वर जुने बूट ठेवले.

ऑगस्टमध्ये शिडी घसरली आणि त्याचा उजवा खांदा निखळला. डॉक्टर म्हणाले, भिंती आता दुसऱ्यांना बांधू द्या, आणि दोर धरायचा तर दहा मिनिटांच्या वर नाही. सप्टेंबरात सुगीच्या सणाला पाटी लागली. पाद्रीबाबा प्रवचनात म्हणाले, "आपल्या या भावंडांनी देवाच्या दारी सगळे क्रम वाजवले, एकही विसरले नाहीत." सगळी मुंडकी रूबेनकडे वळली. केझायाने नवी टोपी घातली होती. रूबेन आपल्या गुडघ्यांकडे बघत बसला. ऑक्टोबरात एफ्राइम कॅनडाला निघाला. बोटीवर चढण्याआधी त्याने पाटीचा फोटो काढून घेतला. तिकडे लाकडं तोडायच्या कामावर लोकांना दाखवायला.

जानेवारीत थर्झा रूबेनच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. तिला पुकारायला शिकायचं होतं.

"तुमचाच पील शिकते, गॅरडकाका. पाटीवरचा. तुम्ही सांगा, मी लिहून घेते, आणि मग पडताळून बघते."

"पडताळायचं कशाला?" रूबेन चटकन म्हणाला. "वाजलाय तो."

थर्झाने पेन्सिल खाली ठेवली. "तुम्हीच म्हणता ना, वाजला तो वाजला, खरा की खोटा ते कागदावर कळतं?"

केझाया चहाची किटली घेऊन तशीच उभी राहिली. नवरा असा पांढरा पडलेला तिने एकदाच पाहिला होता, शिडीवरून पडला तेव्हा.

"उद्या या," रूबेन म्हणाला. "उद्या देतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गुंडाळी काढली. पोपटांच्या कागदाच्या साठ चिठ्ठ्या कापल्या, एकेका फेरीची एकेक. प्रत्येकीवर त्या फेरीच्या शेवटी घंटा कोणत्या क्रमाने उभ्या होत्या ते लिहिलं. लिहिताना जे पुकारायला हवं होतं ते नाही लिहिलं, जे पुकारलं ते लिहिलं. गवंड्याला हातून झालेली भिंत आठवते, तसं त्याला एकूण एक आठवत होतं. मग खडूने स्वयंपाकघराच्या जमिनीवर साठ घरं आखली, यायला हवेत त्या साठ शेवटांचं एकेक, आणि एकेक चिठ्ठी आपल्या घरात ठेवत गेला. केझाया पाय उचलून उचलून चुलीपर्यंत जात होती.

छत्तीस चिठ्ठ्या बसल्या. सदतिसावी ठेवायला गेला तर त्या घरात बारावी आधीच बसलेली होती.

पुढच्या तेवीस चिठ्ठ्याही त्याने शिस्तीत ठेवल्या, अर्धवट टाकायची त्याला सवय नव्हती. शेवटी एका घरात दोन चिठ्ठ्या आणि एक घर रिकामं.

"बघ केझी," तो म्हणाला. "बारावी फेरी दोनदा वाजली. आणि ही, ही वाजलीच नाही. चौऱ्याऐंशी ओळी."

"किती पैकी?"

"पाच हजार चाळीस."

केझाया खुर्चीवर बसली. "रूबेन, ऐक. कुणाला माहितीये?"

"मला."

"तुझ्याशिवाय?"

"तुला."

"मी काही बोलणार नाही. एवढ्या मोठ्या ढिगातल्या चौऱ्याऐंशी. कोण मोजत बसलंय?"

"मी," रूबेन म्हणाला.

त्यावर केझाया भडकली. तिचं काय चुकलं? एकतीस वर्षं तिने गुरुवारचं जेवण झाकून ठेवलं होतं. "आणि तुझा खांदा?" ती ओरडली. "हे सांगितलंस की संपलं सगळं. परत तीन तास दोर ओढायला देव हात देणार आहे का तुला? तुझा एवढा एकच पील आहे, म्हाताऱ्या. हा गेला की तुझ्या नावावर एकही नाही, आणि या जन्मात होणारही नाही!"

"नाहीच होणार."

"मग?"

रूबेनने रिकाम्या घरावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "तो आकडा कुठे वाकत नाही गं. म्हणून तर मला आवडतो. मी तो वाकवून भिंतीला टांगला आणि वर माझं नाव लिहिलं. येता-जाता मला तो दिसतो."

गुरुवारी तालमीनंतर सगळे 'नांगर'च्या अंगणात आले. थंडी होती, पण आत गर्दी होती आणि रूबेनला हे उघड्यावरच सांगायचं होतं. तो पंपाला टेकून उभा राहिला आणि त्याने सांगितलं. लांबण नाही, सबब नाही. छत्तिसाव्या फेरीच्या शेवटी मी चुकलो, त्या वेळी माझ्या डोक्यात पाटी होती. पील खोटा आहे. उद्या पाटी उतरवतो. एफ्राइमला पत्र टाकलंय.

मग होसी पेटिटच्या तोंडाचा पट्टा सुटला. "तुला वेड लागलंय का रे? माझ्या बायकोने त्या पाटीसाठी नवा झगा शिवला! माझ्या सासऱ्याने पहिल्यांदा मला चहा विचारला! आणि तू चौऱ्याऐंशी ओळींसाठी..." तो थांबला. "इतके महिने मनात ठेवलंस?"

"ठेवलं. तेही चुकलंच."

"गधड्या," होसी म्हणाला, पण आवाज उतरला होता. तो इकडेतिकडे बघायला लागला. "आणि हे माझं अंगण? यातही काही काळंबेरं आहे का? हेही उखडायचं?"

तेव्हा रूबेन हसला, त्या महिन्यात पहिल्यांदाच. "हे मोज," तो म्हणाला. "हे खरं आहे. एकाहत्तर गुणिले एकाहत्तर, वजा पंप."

थर्झाने आधी ओठांतल्या ओठांत गुणाकार केला आणि मग तोंडावर हात ठेवला. तिने सगळ्यांना सांगितलं. सगळे जण खाली वाकून आपल्या पायांखालच्या फरश्यांकडे बघायला लागले. दहा वर्षं ते याच फरश्यांवर उभे राहून रूबेनची थट्टा करत आले होते.

होसीने पेला खाली ठेवला. "पुन्हा," तो म्हणाला. तो शब्द रूबेनचा होता, पण त्या दिवशी तो दुसऱ्या कुणीतरी म्हणायला हवा होता.

एफ्राइमचं उत्तर मार्चमध्ये आलं. "इथे मी ज्याला त्याला फोटो दाखवला होता, आता ज्याला त्याला जाऊन सांगावं लागतंय की खोटा होता. सांगितलं की लोक विचारतात, तुम्हाला कसं कळलं? मग मी तुझ्याबद्दल सांगतो. आता लोक तोच किस्सा जास्त मागतात."

थर्झा पाच महिने शिकली. रूबेन तिला चुलीजवळ बसवून एकेक फेरी म्हणायला लावायचा आणि मधेच मुद्दाम काहीतरी बोलून तिचं लक्ष उडवायचा. "बाई, बाहेर बकरी आलीय." ती न थांबता पुढे म्हणत राहिली की तो मांडीवर थाप मारायचा. छत्तिसाव्या फेरीच्या शेवटाला मात्र तो कधी काही बोलला नाही. तिथे पोचली की तो श्वास धरून बसायचा, आणि तिला ते कळायचं.

जूनमधल्या एका शनिवारी दुपारी ते पुन्हा वर चढले. सातव्या घंटेवर पलीकडच्या गावचा एक जण, पाचवीवर टपालवाला, आणि पुकारायला थर्झा. रूबेनने जिन्यापर्यंत सोबत केली आणि परत फिरला. चर्चच्या समोर त्यानेच बांधलेली एक बुटकी भिंत आहे, तिच्यावर केझाया मटार सोलत बसली होती. मांडीत परडी, बाजूला पातेलं. तो तिच्याशेजारी बसला. उजव्या खिशात साठ चिठ्ठ्या होत्या, पोपटांच्या. एक फेरी संपली की एक चिठ्ठी डाव्या खिशात.

घंटा सुरू झाल्या. बारावी चिठ्ठी त्याने जरा रागानेच टाकली. विसावी, तिसावी. सूर्य मनोऱ्याच्या पलीकडे सरकला. छत्तिसाव्या फेरीच्या शेवटाला त्याचा डावा हात भिंतीच्या कडेवर आवळला गेला. वरून घंटांच्या कल्लोळातून पुकारणाऱ्याचा आवाज ऐकू येत नाही, पण घंटांची वाट बदलली की जाणत्याला कळतं. थर्झा थांबली. एक जागा थांबली, आणि मग बोलली.

पाचवी घंटा जिथे हवी तिथे आली.

रूबेन उभा राहिला. त्याने टोपी काढली. त्या चौऱ्याऐंशी ओळी त्याने कागदावर इतक्यांदा लिहिल्या होत्या की प्रत्येक ओळ वाजण्याआधीच त्याच्या ओठांवर येत होती. वर्षभरापूर्वी याच मनोऱ्यातून या वाजायला हव्या होत्या आणि त्याच्यामुळे वाजल्या नव्हत्या. आता त्या एकामागून एक बाहेर पडत होत्या, शेतांवरून जात होत्या, आणि प्रत्येकीच्या मागे होसीचा जड ठोका. रूबेनचे डोळे वाहत होते आणि त्याने ते पुसले नाहीत. त्याला आपला अभिमान वाटत होता. खोटा पील वाजवून उतरला होता तेव्हाही वाटला नव्हता इतका. शेजारी केझाया मान खाली घालून मटार सोलत होती, एका शब्दाने बोलली नाही. फक्त तिचे ओठ हलत होते. ती पुटपुटत शिव्या देत असावी असं त्याला वाटलं.

फेरी संपली. त्याने चिठ्ठी खिशात टाकली आणि खाली बसला.

पुढे काय झालं ते मनोऱ्यात जाऊन कुणालाही वाचता येतं. ओकचं लाकूड दुसऱ्यांदा घ्यायला रूबेनने साफ नकार दिला, म्हणून तीच पाटी उलटी करून मागच्या बाजूवर नवी अक्षरं रंगवली. पाच हजार चाळीस, तीन तास सहा मिनिटं, पुकारणारी कुमारी टी. कॅचपोल. रूबेनचं नाव घालायचा आग्रह सगळ्यांनी केला. तो म्हणाला, माझं नाव आहे की, भिंतीच्या बाजूला. तेव्हा थर्झाने त्याला न विचारता खाली एक बारीक ओळ घालून घेतली: "या पाटीच्या पाठीवरचं खोटं आहे, हे आर. गॅरड यांनी स्वतः सांगितलं." बाहेरगावचे घंटावाले येतात, ती ओळ वाचतात आणि पाटी भिंतीपासून थोडी ओढून मागे डोकावतात. होसी त्यांना मोठ्या तोऱ्यात सांगतो, तुमच्याकडच्या पाट्यांना एकच बाजू असते.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी शेवटची ओळ वाजली, घंटा एक, दोन, तीन अशा सरळ आल्या आणि थांबल्या. रूबेनचा उजवा खिसा रिकामा होता. होसी मनोऱ्याच्या दारातून धावत बाहेर आला, घामाने निथळत, आणि रस्त्याच्या पलीकडूनच ओरडला, "रूब! खरा?"

"खरा!" रूबेन ओरडला.

मग केझायाने ॲप्रनच्या खिशातून एक कप काढला आणि त्याच्यासमोर धरला. घरातला जुना, कान तुटलेला कप. त्यात मटारचे दाणे होते. पातेल्यातले वेगळे, हे वेगळे.

"हे काय?"

"तू टोपी काढून उभा राहिलास तेव्हापासूनचे," केझाया म्हणाली. "होसीच्या दर ठोक्याला एक. चौऱ्याऐंशी आहेत. घे, मोज."

रूबेनने कप हातात घेतला. त्याने आत पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत त्याने कुणाचा सांगितलेला आकडा स्वतः पडताळल्याशिवाय मानला नव्हता, पाद्रीबाबांचाही नाही.

त्याने ते मोजले नाहीत. कप तसाच छातीशी धरून तो घरापर्यंत चालत गेला, आणि वाटेत एकही दाणा सांडू दिला नाही.